नवऱ्याच्या टूरवर बरोबर जायचं तर

गटाच्या बैठकीत आम्ही एरवी हप्ते, व्याज आणि वहीवर बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण हिशेब त्यातही येणारच आहे.

आपल्या रसायनी-मोहोपाड्यात, पाताळगंगेच्या एमआयडीसीत, तिकडे खोपोलीपर्यंत बघा, जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कारखान्यात कामाला आहे. कुणी कायम, बरेचसे ठेक्यावर. त्यांतल्या काहींना कंपनी अधूनमधून बाहेरगावी पाठवते. नवीन मशीन बघायला, सुटे भाग तपासून आणायला, कुठे चार दिवस शिकायला. त्याला घरात सगळे 'टूर' म्हणतात. आपण काय करतो? कपड्यांना इस्त्री करतो, भाकऱ्या बांधून देतो, मोबाईलचा चार्जर आठवणीने बॅगेत टाकतो. चार दिवसांनी माणूस परत येतो. "कसं होतं शहर?" असं विचारलं की उत्तर येतं, "काय असणार? काम होतं." झाली टूर.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी गेल्या हिवाळ्यात वेगळंच केलं. भाऊ पंप आणि मोटारींचं मेन्टेनन्स बघतात. कंपनीने त्यांना चार दिवस अहमदाबादला, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात पाठवायचं ठरवलं. वहिनी म्हणाल्या, "मी येऊ का बरोबर?" लग्नाला सतरा वर्षं झाली होती. या सतरा वर्षांत त्या पनवेल, मुंबईचा दवाखाना आणि एकदा जेजुरी, एवढंच फिरल्या होत्या. भाऊ आधी हसले. मग म्हणाले, "मी दिवसभर कामावर असणार. तू तिथे करणार काय?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना जे काय घडलं ते वहिनींनी बैठकीत सांगितलं. तेव्हा आम्हाला वाटलं की हे सगळ्यांनी ऐकावं.

पहिली गोष्ट परवानगीची, आणि ती सासूबाईंच्या आधी कंपनीची घ्यायची. बायकोला टूरवर बरोबर नेणं यात चोरी काही नाही, पण साहेबाला आधी विचारलेलं बरं. याचं कारण खोली. बऱ्याच कंपन्या दोन कामगारांना मिळून एक खोली देतात. काही ठिकाणी समोरच्या कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर उतरवतात, तिथे घरच्यांना घेत नाहीत. भाऊंच्या साहेबांनी सांगितलं, "खोली तुला एकट्यालाच आहे. बरोबर ने, पण बिल वेगळं ठेव." हे 'बिल वेगळं' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण माणसं इथेच फसतात.

टूरवर गेलेल्या माणसाचं गाडीभाडं, खोली आणि रोजचा भत्ता कंपनी देते. बरोबर गेलेल्या बायकोचं काहीच देत नाही. हॉटेलात एका माणसाचा दर आणि दोघांचा दर वेगळा असतो. समजा, एकट्याला चौदाशे आणि दोघांना सतराशे. मग रोजचे तीनशे आपले. चार रात्रींचे बाराशे झाले. खोली घेतानाच काउंटरवर सांगायचं की एकट्याच्या दराचं बिल कंपनीच्या नावाने करा आणि वरच्या पैशांची पावती वेगळी द्या. जेवणाचंही तसंच. बायकोचं जेवण नवऱ्याच्या भत्त्याच्या बिलात घुसवलं आणि उद्या ऑफिसात कुणी विचारलं, तर दोनशे रुपयांसाठी नोकरीवर डाग. ठेक्यावरच्या माणसाला तर दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतील.

तिकिटाचंही सांगतो. कंपनी भाऊंचं तिकीट थर्ड एसीचं काढणार होती. वहिनींचं वेगळं काढलं असतं तर एक डब्याच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. म्हणून भाऊंनी दोघांचं एकाच वेळी, एकाच पीएनआरवर काढलं, वहिनींच्या तिकिटाचे पैसे स्वतः भरले आणि ऑफिसात फक्त आपल्या भाड्याचा क्लेम लावला. रेल्वेचं आगाऊ आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, पण टूर कळते आठ दिवस आधी, त्यामुळे बऱ्याचदा तत्काळशिवाय मार्ग नसतो. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. मोबाईलवरून काढायचं तर आयआरसीटीसीचं खातं आधारला जोडलेलं लागतं. ते आधीच करून ठेवा. दहाला पाच मिनिटं असताना ओटीपी शोधत बसू नका.

आता पैसा कुठून आणायचा. यावर आमच्या गटात चांगलाच वाद झाला. एकीचं म्हणणं, गटातून अंतर्गत कर्ज घ्यायला काय हरकत आहे, फेडणारच आहोत ना. आमचं बहुतेकींचं मत पडलं की फिरण्यासाठी गटाचं कर्ज नको. ज्या बाईला पोराच्या फीसाठी पैसे हवेत ती रांगेत मागे राहील. वहिनींनी वर्षाच्या शेवटी गटाने वाटलेला आपला लाभांश वापरला. तो त्यांचाच होता, त्यामुळे घरात कुणाला विचारायचा प्रश्न आला नाही. त्यांच्या बोलण्यावरून एवढं कळलं की नवऱ्याच्या पैशाने गेल्या असत्या तर तिथे प्रत्येक रिक्षाच्या वेळी त्यांना तोंडाकडे बघावं लागलं असतं.

सासूबाईंचं काय? त्या फारसं बोलल्या नाहीत. "जा, पण भात झोडून झाल्यावर," एवढंच म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. लावणीच्या दिवसांत किंवा कापणी-झोडणीच्या वेळी घर सोडायला कुणीच तयार होणार नाही. मुलांच्या डब्याची जबाबदारी जाऊबाईंनी घेतली. त्या बदल्यात मे महिन्यात जाऊबाई माहेरी जातील तेव्हा त्यांची म्हैस वहिनी सांभाळणार. हा करार दोघींनी आपसांत केला, पुरुषांना कळलासुद्धा नाही.

इथे आम्हाला एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते. नवऱ्याच्या कामाबरोबर परगावी जाणं ही आपल्याकडची काही नवी रीत नाही. रमाबाई रानडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८६२ साली जन्मल्या, अकरा वर्षांच्या असताना १८७३ मध्ये लग्न झालं, तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी, लिहा-वाचायला शिकवलं. न्यायमूर्तींना कामासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांतून दौरे करावे लागत, आणि रमाबाई बरोबर जात. १८८६ मध्ये सरकारने खर्चाची तपासणी करायला एक समिती नेमली, तिच्या कामासाठी न्यायमूर्तींना कलकत्त्याला राहावं लागलं. रमाबाई तिथेही गेल्या. तिथे बंगाली वर्तमानपत्र वाचता येईना, आणि ही गोष्ट न्यायमूर्तींच्या मनाला लागली. ज्या गावात राहतो तिथली भाषा आपल्याला यायला हवी, म्हणून ते स्वतः बंगाली पुस्तकं घेऊन बसले. दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच अडलेलं विचारत बसले होते, असा प्रसंग रमाबाईंनी लिहून ठेवला आहे. मग त्यांनी रमाबाईंनाही बंगाली शिकवलं. रमाबाईंनी १९१० साली आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं त्यात हे आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचं सेवासदन त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालं.

ही गोष्ट वहिनींना बैठकीत आधीच कुणीतरी सांगितली होती. तिचा उपयोग पुढे कसा झाला ते बघा.

मुंबईहून रात्रीची गाडी, साधारण पाचशे किलोमीटरचा प्रवास, सकाळी अहमदाबाद. स्टेशन गावाच्या जुन्या भागात आहे, त्याला तिथे काळुपूर म्हणतात. हॉटेल रिलीफ रोडवर, म्हणजे जुन्या शहरातच. हॉटेलात प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात, फक्त नवऱ्याचं चालत नाही. वहिनींचं आधार कार्ड पर्समध्ये होतं म्हणून बरं. बायकांची ओळखपत्रं घरी कपाटात, नवऱ्याच्या फाइलीत पडलेली असतात. आपलं कार्ड आपल्याजवळ ठेवा, टूर असो वा नसो.

एक गंमत. वहिनींनी डब्यात सुकटीची चटणी नेली होती. एसीच्या बंद डब्यात डबा उघडला आणि समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी नाकाला पदर लावला. तेव्हा प्रवासात शेंगदाण्याची चटणी न्या, सुकट घरी आल्यावर.

पहिल्या दिवशी भाऊ साडेआठला कामावर गेले. आपल्याकडे एमआयडीसी तशी तिकडे जीआयडीसी, ती शहराच्या कडेला. जाताना सांगून गेले, "दार आतून लाव. भूक लागली तर खाली फोन कर." वहिनींनी दार लावलं. टीव्ही लावला. सगळं हिंदी नाहीतर गुजराती. साडेअकराला भूक लागली. खाली फोन करायचा तर त्याचं बिल खोलीच्या बिलात लागेल, आणि खोलीचं बिल कंपनीचं, म्हणून फोन केला नाही. डब्यातली उरलेली भाकरी आणि चटणी खाल्ली. दुपारी दोनला सफाईवाला आला, त्याला दार उघडावं की नाही या विचारात दहा मिनिटं गेली. शेवटी उघडलंच नाही. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. बायका स्कूटरवरून भरधाव चालल्या होत्या, कुणी डोक्यावर गाठोडं घेऊन. संध्याकाळी सहाला भाऊ आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी एवढ्या लांब तुमची खोली राखायला आले का?"

आम्हाला वाटतं, टूरवर गेलेल्या बहुतेक बायकांचा पहिला दिवस असाच जातो. भीती वाटते ती शहराची कमी आणि चुकीची जास्त. काहीतरी चुकेल आणि नवऱ्याला बोलणी बसतील ही भीती.

त्या रात्री भाऊंनी कामाची एक गोष्ट केली. जेवायला खाली उतरले तेव्हा दुकानांच्या पाट्या वहिनींना दाखवल्या आणि म्हणाले, "बघ, आपलीच अक्षरं आहेत, वरची रेघ तेवढी काढली आहे." हे खरं आहे, मैत्रिणींनो. गुजराती लिपी आपल्या बाळबोध लिपीची जवळची बहीण. शिरोरेषा नाही. ग, त, न, म, र, स अशी बरीच अक्षरं लगेच ओळखू येतात. अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब ही निराळी आहेत, ती दहा-बारा पाट्या वाचल्या की पाठ होतात. आकडेही जवळजवळ आपलेच. म्हणजे बसचा नंबर, भाजीचा भाव आणि गावाचं नाव एवढं एका संध्याकाळी वाचता येतं. ज्यांना मराठी वाचता येतं त्यांना गुजरात परका वाटायचं कारण नाही. रमाबाईंना बंगाली नव्याने शिकावं लागलं, आपल्याला तर नुसती रेघ पुसायची.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाहेर पडल्या. निघण्याआधी तीन कामं केली. काउंटरवरून हॉटेलचं कार्ड घेतलं, त्यावर पत्ता आणि फोन असतो, ते ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवलं. पैसे दोन ठिकाणी ठेवले. आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, इथून पायी काय बघता येईल. तो म्हणाला, "मानेक चौक, तीन दरवाजा, भद्र. सगळं जवळ आहे."

अहमदाबाद हे शहर अहमदशहाने १४११ साली वसवलं. भद्र म्हणजे तिथला किल्ला, तीन दरवाजा म्हणजे त्यापुढची तीन कमानींची वेस. आत जुन्या वस्त्या आहेत, त्यांना 'पोळ' म्हणतात. चिंचोळी गल्ली, तोंडाशी दरवाजा, आत एकमेकांना चिकटलेली लाकडी नक्षीची घरं, मधे पक्ष्यांना दाणे टाकायला खांबावरचा चबुतरा. २०१७ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भारतात हा मान मिळालेलं ते पहिलं शहर. सकाळच्या वेळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत माहिती सांगणाऱ्याबरोबर पायी फेरीही असते. बाईमाणसाला एकटं फिरायला ही फेरी चांगली, कारण बरोबर माणसं असतात.

मानेक चौकाची मजा अशी की एकच जागा दिवसातून रूप बदलते. सकाळी भाजी, दिवसा सोन्या-चांदीची पेढी, आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच चौकात खाण्याच्या गाड्या. वहिनी सकाळी पोचल्या. तिथे भाजी घेऊन बसलेल्या बायकांमध्ये एक मेथीवाली होती. वहिनी स्वतः मोहोपाड्याच्या बाजाराला भाजी घेऊन बसतात, त्यामुळे हात आपोआप मेथीच्या जुडीकडे गेला. "केवढ्याला?" असं मराठीतच विचारलं. बाईने बोटांनी दाखवलं. मग हिंदी, मराठी, गुजराती अशी खिचडी भाषा सुरू झाली. जुडी बांधायची पद्धत सारखी, पाणी शिंपडायची पद्धत सारखी. आणि "तुला इथून कुणी उठवत नाही का?" असं वहिनींनी विचारल्यावर त्या बाईने एक शब्द सांगितला. 'सेवा'.

सेवा म्हणजे काय ते वहिनींना तिथे अर्धंच कळलं. बैठकीत त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही माहिती काढली. अहमदाबाद हे कापड गिरण्यांचं गाव. तिथे अनसूया साराभाईंच्या पुढाकाराने १९२० साली 'मजूर महाजन' ही गिरणी कामगारांची संघटना उभी राहिली. तिच्या महिला विभागात इला भट्ट काम करत. त्यांना दिसलं की गिरणीबाहेर हजारो बायका राबतात. भाजी विकतात, डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहतात, घरी बसून शिवण करतात, आणि त्यांना कामगार म्हणायला कुणी तयार नाही. त्यांची संघटना नोंदवायला गेल्या तेव्हा सरकारी कचेरीत प्रश्न आला, तुमचा मालक कोण? मालक नाही तर संघटना कुणाविरुद्ध? संघटना कुणाच्या विरुद्ध असायला लागते असं नाही, कामगारांच्या एकीसाठीही असते, हे पटवायला वेळ लागला. १९७२ साली सेवाची नोंदणी झाली.

दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, त्यांनी स्वतःची बँक काढली. चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घातले. बहुतेकींना सही येत नव्हती, आणि सही नसलेल्या बायकांची बँक कशी चालणार अशी शंका घेतली गेली. त्यावर उपाय काय, तर पासबुकावर फोटो. आज आपल्या बँकेच्या पासबुकावर फोटो असतो त्याचं आपल्याला काही वाटत नाही. तेव्हा ते एका अडलेल्या बाईला खात्यापर्यंत पोचवायचं साधन होतं. मानेक चौकातल्या भाजीवाल्या बायकांना तिथे बसता यावं म्हणून सेवाने १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. पुढे फेरीवाल्यांच्या अनेक संघटनांच्या रेट्यातून २०१४ साली देशभरासाठी पथविक्रेता कायदा आला. या कायद्याप्रमाणे शहरात पथविक्रेता समिती नेमावी लागते, त्यात किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. आपल्यापैकी ज्या कर्जत, खोपोली नाहीतर पनवेलला टोपली घेऊन बसतात, त्यांनी आपल्या नगरपालिकेत ही समिती आहे का, आणि तिच्यात बाई कोण आहे, हे विचारायला हवं. इला भट्ट २०२२ च्या नोव्हेंबरात गेल्या. सेवाचं स्वागत केंद्र भद्रजवळ, व्हिक्टोरिया गार्डनसमोर आहे. पुढच्या वेळी कुणी गेलं तर आधी फोन करून तिथे जायचं असं आमच्या गटाने ठरवलं आहे.

आता भांडणाची गोष्ट. ती वगळली तर हे सगळं सोपं वाटेल, आणि ते तसं नव्हतं.

दुपारनंतर वहिनी पोळांमध्ये शिरल्या आणि वाट चुकल्या. एका गल्लीतून दुसरी, तिच्यातून तिसरी, आणि परत तोच चबुतरा. घाबरल्या, पण रडल्या नाहीत. ओट्यावर वाटाणे सोलत बसलेल्या एका बाईला हॉटेलचं कार्ड दाखवलं. ती बाई वाटाणे तसेच ठेवून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आली. तोपर्यंत सात वाजून गेले होते. फोन पिशवीच्या तळाशी, बाजाराच्या गलक्यात ऐकूच आला नव्हता. भाऊंचे अकरा फोन. ते हॉटेलच्या दारात उभे होते, चेहरा पांढरा पडलेला.

"तुला काही झालं असतं तर आईला मी काय सांगितलं असतं?"

"आणि कालच्यासारखी खोलीत बसले असते तर तिला तुम्ही काय सांगितलं असतं? बायको टीव्ही बघत होती म्हणून?"

त्या रात्री दोघं एकमेकांशी न बोलता जेवले. भाऊंचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. अनोळखी गावात बायको तीन तास फोन उचलत नाही तेव्हा माणसाचं काय होतं ते आपल्यालाही कळतं. वहिनींचंही चुकलं नाही. चुकलं ते एवढंच की आधी काही ठरवलं नव्हतं. सकाळी ठरवलं. दुपारी एकला भाऊंची जेवणाची सुट्टी, तेव्हा एक फोन. पाचला दुसरा. फोन गळ्यातल्या छोट्या पिशवीत, वाजेल तो कळेल असा. अंधार पडायच्या आत हॉटेलात. आणि दिवसभर कुठे कुठे जाणार ते सकाळीच सांगायचं. भाऊंनीही सांगायचं की ते कधी सुटणार, नुसतं "येतो" म्हणायचं नाही. ही शेवटची अट वहिनींची होती.

मदतीचे नंबर आम्ही इथेच सांगून ठेवतो. ११२ हा पोलीस, दवाखाना, आग सगळ्यांसाठी. १८१ ही महिला हेल्पलाइन, गुजरातमध्ये तिला 'अभयम' म्हणतात. रेल्वेत काही झालं तर १३९. हे फोनमध्ये साठवून भागत नाही, बॅटरी संपते. कागदावर लिहून ठेवा.

तिसऱ्या दिवशी वहिनी शहराच्या बसमधून हिंडल्या. तिथे बीआरटीएस नावाची बस आहे. तिला रस्त्याच्या मधोमध स्वतःची वेगळी वाट, आणि तिकीट बसमध्ये न काढता थांब्यावरच काढायचं. मेट्रोही आहे, काळुपूर स्टेशनलाच मिळते. आपल्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ती सवलत आपल्या राज्यापुरती. वहिनींनी सवयीने अर्धंच मागितलं आणि खिडकीवरच्या मुलीने पूर्ण पैसे घेतले. संध्याकाळी लॉ गार्डनजवळचा घागरा-चोळीचा बाजार दोघांनी मिळून बघितला. वहिनींनी काही घेतलं नाही, आरसे कसे टाकले आहेत ते मात्र उलटून उलटून बघितलं.

त्या रात्री भाऊंना समोरच्या कारखान्याच्या लोकांनी जेवायला बोलावलं होतं, बायकोसह. वहिनींना धास्ती होती की कंपनीची पार्टी म्हणजे बाटल्या निघणार. पण गुजरातमध्ये दारूबंदी आहे. ताक आणि छास यांच्यावर पार्टी झाली. हे ऐकून आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. जेवणात डाळ गोड होती, त्याबद्दल मात्र वहिनींचं मत अजून बदललेलं नाही.

चौथ्या दिवशी भाऊंचं काम दुपारी संपलं. रिक्षाने आधी साबरमती आश्रम. गांधीजी तिथे १९१७ पासून राहिले आणि १२ मार्च १९३० ला मिठाच्या सत्याग्रहासाठी तिथूनच दांडीला चालत निघाले. वहिनी गांधीजींच्या खोलीपेक्षा कस्तुरबांच्या खोलीपाशी आणि स्वयंपाकघरापाशी जास्त वेळ रेंगाळल्या. एवढ्या माणसांचं रांधणारी चूल केवढी असेल म्हणून. तिथून पुढे अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. राणी रुडाबाईच्या नावाने ती ओळखली जाते, १४९९ सालची. जमिनीखाली पाच मजले, खांबाखांबावर नक्षी, जसजसं खाली उतरावं तसतशी हवा गार होत जाते. पाणी भरायला येणाऱ्या बायकांना सावलीत बसता यावं, दोन शब्द बोलता यावेत, अशी ती जागा. वहिनींना पहिल्यांदा आठवल्या त्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर पाताळगंगेवरून हंडे वाहिले. त्यांना दाखवायला म्हणून मोबाईलवर फोटो काढले, चाळीस एक तरी.

कुणी जाऊ नये तेही सांगायला हवं. नवरा ट्रक किंवा टेम्पो घेऊन जात असेल आणि रात्री केबिनमध्येच झोपत असेल, तर बरोबर जाऊ नका. तिथे बाईची सोय नाही. दोन कामगारांची एक खोली असेल तर हट्ट धरू नका. पोट मोठं असेल, तान्हं मूल असेल, घरी आजारी माणूस असेल, तर टूर परत येते. आणि ज्या घरात नवरा "चल" म्हणतो पण तिथे जाऊन डांबून ठेवणार हे आपल्याला ठाऊक असतं, त्या घरातल्या बाईला आम्ही जा म्हणणार नाही. तिने आधी आमच्याशी बोलावं.

वहिनींचा एकूण खर्च, तिकीट, खोलीचा फरक, खाणं आणि रिक्षा धरून, त्यांच्या लाभांशात बसला आणि थोडे पैसे उरले. त्या पैशांची त्यांनी गटाच्या वहीत वेगळ्या पानावर नोंद केली आहे, वर शीर्षक लिहिलं आहे 'प्रवास'. त्या पानावर आता आणखी दोघींची नावं आहेत.

अडालजचे फोटो सासूबाईंनी दोन वेळा बघितले. आधी म्हणाल्या, "एवढ्या पायऱ्या उतरून पाणी? वेड लागलं होतं का त्या राणीला?" मग भाऊंची पुढच्या महिन्यातली टूर वडोदऱ्याला आहे असं कळलं, तेव्हा भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "तिथे विहीर आहे का गं?"